ओहोटीला वाढणारी बेटं

आइसलँडला ज्याने हे नाव दिलं, त्या फ्लोकी विल्गेर्दारसोनची गोष्ट ‘लान्दनामाबोक’ या वसाहतींच्या जुन्या ग्रंथात येते. नवव्या शतकात तो नॉर्वेहून गुरंढोरं घेऊन निघाला आणि देशाच्या पश्चिमेला, एका रुंद उपसागराच्या उत्तर काठावर वात्न्सफ्योर्दुर इथे उतरला. पाण्यात मासळी एवढी होती की मंडळी उन्हाळाभर तिच्यातच गुंतून राहिली. गवत कापून, वाळवून, साठवून ठेवायचं राहून गेलं. हिवाळ्यात सगळी गुरं दगावली. वसंत ऋतूही गारठलेलाच होता. फ्लोकी एका डोंगरावर चढला, पलीकडच्या फ्योर्डमध्ये समुद्री बर्फ भरलेला त्याला दिसला आणि त्याने देशाला बर्फाचं नाव ठेवलं. उन्हाळाभर ज्या पाण्याने त्याला पोटभर खाऊ घातलं, त्याचा मात्र त्या नावात मागमूस नाही. हे पुस्तक त्या पाण्याविषयी आहे.

उपसागराचं नाव ब्रेइदाफ्योर्दुर. दक्षिणेला स्नायफेल्सनेसचं लांबट द्वीपकल्प, उत्तरेला पश्चिम फ्योर्डांचा डोंगराळ प्रदेश आणि मधे साधारण 50 किलोमीटर रुंद, सव्वाशे किलोमीटर लांब असं पाणी. 65 अंश उत्तर अक्षांशाची रेषा या पाण्यातून जाते, म्हणजे आर्क्टिक वृत्त इथून फारसं लांब नाही. बेटं किती, याचं उत्तर तीन हजारांच्या आसपास असं दिलं जातं. आइसलँडमधली माणसं मात्र आपल्या देशातल्या तीन गोष्टी मोजता येत नाहीत असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत आणि ही बेटं त्यांतली एक. यात अतिशयोक्ती वाटली, तरी कारण अगदी व्यावहारिक आहे. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरपर्यंत जातो आणि आतल्या भागात पाणी उथळ आहे. सकाळी जिथे नुसती फेसाची रेघ होती, तिथे दुपारी कातळ वर आलेला असतो. दोन बेटांमधून होडी हाकता येत होती, तिथून काही तासांनी मेंढ्या चालत जातात. मोजणाऱ्याने कोणत्या घटकेला मोजायचं?

कातळ म्हणजे आपल्या ओळखीचाच काळा बसाल्ट. सह्याद्रीसारखाच हाही लाव्ह्याच्या थरावर थर साचून झाला, पण वयाने बराच लहान. आपला दख्खनचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडमधला जुन्यात जुना दगडही पावणेदोन कोटी वर्षांच्या आतला. काही बेटांवर या दगडाचे सहा कोनी खांब उभे राहिलेत, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात तसे. त्यानंतर हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा प्रदेश खरवडून काढला. दगडाचा जो भाग टणक होता तो टेंगळासारखा उरला, मऊ होता तो खोलगट झाला आणि बर्फ वितळल्यावर त्यात समुद्र शिरला. बेटांची सगळी गर्दी ही त्या खरवडीतून सुटलेली डोकी आहेत.

उथळ पाण्याची थोरवी समजायची तर ओहोटीच्या वेळी काठावर उभं राहिलं पाहिजे. पाणी मागे सरतं आणि तपकिरी-पिवळ्या समुद्रशैवालाचा जाडजूड थर उघडा पडतो. भरतीत हेच शैवाल हवेच्या फुगवट्यांच्या आधाराने पाण्यात उभं असतं. ओहोटीत ते दगडांवर आडवं होऊन खालच्या जिवांवर ओलं पांघरूण घालतं. त्याखाली हात घातला की गोगलगाई, शिंपले, बारीक कोळंबीच्या जातीचे किडे, खेकड्यांची पिल्लं लागतात. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, भरती रोज दोनदा ताजं पाणी आणि अन्नद्रव्यं आणते, उन्हाळ्यात रात्र जवळजवळ होतच नाही. एवढ्या थंड प्रदेशात एवढी वाढ होते ती या तिन्हींच्या जोरावर. आइसलँडच्या एकूण भरती-ओहोटीच्या पट्ट्यापैकी जवळपास निम्मा या एका उपसागरात आहे. पश्चिम युरोपात हिवाळा काढून ग्रीनलँड आणि उत्तर कॅनडाकडे निघालेले नॉट पक्षी आणि ब्रेंट हंस वाटेत इथे उतरतात ते उगाच नाही. पुढचा समुद्र आणि बर्फ ओलांडायचं बळ त्यांना या चिखलातून आणि खडकांतून मिळतं.

बेटांवर विणीला येणारे पक्षी पन्नासेक जातींचे. पफिन, किटीवेक, काळे गिलेमॉट, आर्क्टिक सुरय, आणि देशातल्या पाणकावळ्यांपैकी बहुतेक सगळे. या गर्दीमागे कोल्ह्याचा मोठा हात आहे. आइसलँडमध्ये माणूस येण्याआधी जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच होता, आर्क्टिक कोल्हा, आणि वाहत्या पाण्याने वेढलेल्या बेटावर तो सहसा पोचत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला यापेक्षा मोठी सोय कोणती? विसाव्या शतकात फरच्या धंद्यासाठी आणलेले मिंक पिंजऱ्यांतून निसटले. ते पट्टीचे पोहणारे. तेव्हापासून ही सोय पहिल्यासारखी राहिली नाही आणि बेटं सांभाळणाऱ्यांना मिंकचा बंदोबस्त करणं हे दरवर्षीचं काम होऊन बसलं.

या सगळ्या पक्ष्यांत आयडर बदकाविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण माणूस आणि उपसागर यांच्यातला व्यवहार तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो. आयडरची मादी तपकिरी, दगडांत बसली तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही अशी. घरटं म्हणजे जमिनीतला एक खळगा. अंडी घालताना ती स्वतःच्या छातीवरची मऊ पिसं उपटते आणि खळग्याला त्यांचं अस्तर करते. चार-सहा हिरवट अंड्यांवर ती साडेतीन आठवड्यांच्या आसपास बसून राहते आणि त्या काळात जवळपास काहीच खात नाही. बेटावरची माणसं या दिवसांत घरट्यांची फेरी करतात. ओणवं व्हायचं, मादीला न बिचकवता बाजूला होऊ द्यायचं, थोडी पिसं काढून घ्यायची, त्या जागी सुकं गवत सारायचं आणि अंडी पुन्हा झाकून पुढे जायचं. काही जण पिल्लं बाहेर पडल्यावरच पिसं गोळा करतात. हाती आलेल्या गोळ्यात शैवालाचे तुकडे, काड्या, अंड्याची टरफलं असं सगळं गुंतलेलं असतं. ते तापवून, झाडून, हाताने निवडून साफ करावं लागतं. एक किलो स्वच्छ परं मिळायला साठेक घरटी लागतात. या पिसांचे बारीक तंतू एकमेकांना असे धरतात की गोळा हातातून सुटत नाही आणि मुठीत दाबून सोडला की पुन्हा फुगतो. जगातल्या सर्वांत उबदार दुलया त्याच्याच होतात.

या धंद्यात बदकाला मारून काहीही मिळत नाही. उलट त्याला येत राहावंसं वाटलं पाहिजे. म्हणून शेतकरी घरट्यांसाठी दगडांचे आडोसे रचतात, कावळे आणि गल हाकलतात, रंगीत निशाणं आणि वाऱ्याने वाजणाऱ्या वस्तू लावतात, कारण माणसाची चाहूल असलेली जागा आयडरला सुरक्षित वाटते असा त्यांचा अनुभव आहे. कायद्यानेही 1847 मध्ये आयडरची शिकार पूर्ण बंद केली. हा पक्षी पाळीव नाही. हिवाळा तो समुद्रावर काढतो आणि वसंतात आपल्या मर्जीने त्याच बेटावर, कित्येकदा त्याच खळग्यात परत येतो. रानटी जिवाशी शतकानुशतकं चाललेला इतका सरळ करार मला दुसरीकडे आढळला नाही. माझ्या दृष्टीने या उपसागराचा सगळा इतिहास समजून घेण्याची किल्ली त्यात आहे.

बेटावरच्या शेताला फक्त पिसं मिळत असं नाही. अंडी, सील, किनाऱ्याला लागलेली लाकडं, लंपफिश, शिवाय चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे कुंपणाशिवाय चरणाऱ्या मेंढ्या. मुख्य भूमीवर गवत बुडालं की उपासमार ठरलेली. इथे एक गोष्ट हुकली तर दुसरी असे. या जास्तीच्या उत्पन्नांना आइसलँडमध्ये स्वतंत्र नाव आहे, शेताची किंमत त्यांवरून ठरे आणि चर्च, मठ, सरदार यांची त्यांवर कायम नजर असे. बेट म्हटलं की आपल्या मनात एकटेपणा येतो, टोकाला पडलेली जागा येते. ब्रेइदाफ्योर्दुरमध्ये हे चित्र उलटं करून पाहावं लागतं. रस्ते नव्हते तेव्हा वाट पाण्यातून होती आणि त्या वाटेच्या मधोमध बेटं होती. काठावरची खोरी बाजूला पडलेली असत.

मध्ययुगीन कथा वाचताना हे ध्यानात ठेवलं की त्यांतले प्रसंग वेगळेच दिसू लागतात. तांबडा एरिक हाव्कादालुरच्या खोऱ्यातून हाकलला गेल्यावर ब्रोकेय आणि ओक्सनेय या बेटांवर आला. तिथे उसने दिलेले घराचे कोरीव खांब परत मिळेनात म्हणून भांडण झालं, माणसं मेली आणि थोर्सनेसच्या सभेत त्याला देशाबाहेर काढलं गेलं. शत्रू त्याला बेटाबेटांवर शोधत हिंडत होते आणि त्याचं जहाज एका मित्राने दीमुनच्या खाडीत दडवून ठेवलं होतं. तयारी झाल्यावर मित्रांनी त्याला बेटांच्या बाहेर खुल्या पाण्यापर्यंत सोबत केली. साल 982 च्या सुमाराचं. तिथून तो पश्चिमेला गेला आणि ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागला. तीनेक वर्षांनी वसाहतीसाठी निघालेल्या ताफ्यात ब्रेइदाफ्योर्दुर आणि शेजारच्या बोर्गारफ्योर्दुर इथली मिळून 25 जहाजं होती, पोचली 14.

गीस्ली सूरसोनची कथाही याच पाण्यात घडते. कायद्याने वाळीत टाकलेला गीस्ली हेर्गिल्सेय बेटावर इंग्याल्दुर नावाच्या कुळाकडे लपला. इंग्याल्दुरचा एक मतिमंद मुलगा होता. जमिनीचा मालक बोर्कुर माणसं घेऊन जहाजाने येताना दिसला तेव्हा गीस्ली समुद्रावरच होता, पळायला जागा नव्हती. तो एका दासीबरोबर होडीत बसला आणि त्या मुलाची हुबेहूब नक्कल करू लागला. दोऱ्यांत गुरफटायचं, होडीबाहेर लोंबकळायचं, वेडेवाकडे चाळे करायचे. जहाजावरच्या लोकांना हसू आवरेना. असल्या वेड्याला सांभाळावं लागतं म्हणून त्यांनी दासीची कीव केली आणि होडी पुढे जाऊ दिली. इंग्याल्दुरने नंतरही धन्याच्या तोंडावर पाहुण्याचा पत्ता सांगायला नकार दिला. कथा तेराव्या शतकात लिहिली गेली, प्रसंग त्याआधी तीनेकशे वर्षांचा, तेव्हा त्यातला शब्द न्‌ शब्द इतिहास मानायचं कारण नाही. पण लिहिणाऱ्याला हे पाणी, त्यातल्या वाटा आणि दोन होड्यांमध्ये किती अंतरावरून चेहरा ओळखू येतो, हे पक्कं ठाऊक होतं.

औदुर या विलक्षण बाईचा उल्लेख टाळून पुढे जाववत नाही. ब्रिटिश बेटांतून स्वतःचं जहाज घेऊन ती आली, उपसागराच्या आतल्या ह्वाम्स्फ्योर्दुर या फ्योर्डच्या काठची खोरी ताब्यात घेतली आणि आपल्या माणसांना, मुक्त केलेल्या गुलामांनाही, त्यांतल्या जमिनी वाटल्या. ती ख्रिस्ती होती, देश अजून झाला नव्हता. अभिमंत्रित नसलेल्या मातीत पडून राहायचं नाही म्हणून तिने स्वतःला भरतीची आणि ओहोटीची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात पुरायला सांगितलं, असं ‘लान्दनामाबोक’ नोंदवतं. त्याच काठावर, ह्वाम्मुर इथे, 1179 मध्ये स्नोर्री स्तुर्लुसोन जन्मला, ज्याच्यामुळे नॉर्स पुराणकथा आज आपल्याला वाचता येतात. आइसलँडचा पहिला इतिहासकार आरी थोर्गिल्सोन याच्या बालपणाची सुरुवातीची वर्षं गेली ती दक्षिण काठच्या हेल्गाफेलला.

एवढ्याशा टापूत पुस्तकं किती! फ्लातेय हे बेट जेमतेम दोन किलोमीटर लांबीचं. 1172 मध्ये तिथे मठ स्थापन झाला. बारा वर्षांनी तो हेल्गाफेलला हलला. चौदाव्या शतकाच्या शेवटी दोन पाद्र्यांनी उत्तर आइसलँडमधल्या एका श्रीमंत शेतकऱ्यासाठी वासरांच्या कातड्यावर एक प्रचंड हस्तलिखित तयार केलं. आज त्याची 225 पानं आहेत. पुढे ते फिरत फिरत फ्लातेयवरच्या एका घराण्यात आलं म्हणून त्याचं नाव ‘फ्लातेयारबोक’. 1647 मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सोनने ते मालकाकडून मिळवलं, 1656 मध्ये डेन्मार्कच्या राजाला पाठवलं आणि 21 एप्रिल 1971 रोजी डॅनिश नौदलाच्या जहाजातून ते रेक्याविकला परत आलं, तेव्हा बंदरावर हजारोंची गर्दी लोटली होती. एरिकच्या माणसांनी ग्रीनलँडपलीकडे अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत मजल मारली ती हकिगत सांगणारी ‘ग्रीनलँडकरांची कथा’ या एकाच हस्तलिखितात शिल्लक राहिली. ज्या बेटांमधून तो मनुष्य लपतछपत निघाला, त्याच बेटांतल्या एका घराने त्याच्या लोकांची कथा जपली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही परंपरा पुढे थांबली नाही. ह्राप्सेय बेटावर 1773 मध्ये छापखाना निघाला. त्याआधी आइसलँडमधली छपाई चर्चच्या हातात होती. हा पहिला खासगी छापखाना. देशातलं पहिलं नियतकालिक त्याच वर्षी तिथून निघालं, डॅनिश भाषेत. 1794 पर्यंत तो चालला. स्वेफ्नेयार बेटांवर 1726 मध्ये एग्गेर्त ओलाफ्सोन जन्मला. ब्यार्नी पाल्सोन या सहकाऱ्याबरोबर 1752 ते 1757 देश पालथा घालून त्याने आइसलँडचा निसर्ग आणि जनजीवन यांचं वर्णन लिहिलं. तो ग्रंथ 1772 मध्ये छापला गेला, पण हातात घ्यायला तो नव्हता. 1768 च्या मे महिन्यात नवविवाहित पत्नीसह तो उत्तर काठावरच्या स्कोरहून निघाला आणि याच उपसागरात बुडाला. फ्लातेयवर 1830 च्या दशकात ओलाफुर सीवेर्त्सेन या पाद्र्याने सुधारणा मंडळ काढलं आणि त्यातून वाचनालय उभं राहिलं. 1864 मध्ये बांधलेली त्याची चिमुकली लाकडी इमारत आजही आहे. दक्षिण काठच्या स्तिक्किसहोल्मुर गावात आर्नी थोर्लासियुस या व्यापाऱ्याने 1845 मध्ये हवामानाच्या नोंदी सुरू केल्या. देशातली ही सर्वांत जुनी अखंड मालिका. उत्तर अटलांटिकच्या बदलत्या तापमानाचा अभ्यास करणाऱ्यांना तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इंजिन आलं आणि मध्य सरकला. मोठ्या बोटींना खोल पाणी आणि धक्का हवा, तो गावांकडे होता. काठाने रस्ते झाले. वल्ही मारायला माणसं लागत म्हणून जी बेटं गजबजलेली असत, तिथे तेवढ्या हातांना कामच उरलं नाही. वल्ह्यांवरच्या त्या हातांत स्त्रियांचे हातही पुष्कळ होते. या उपसागरात बायका मासेमारीला जात, काही जणी होडीच्या प्रमुखही असत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एकेक बेट रिकामं झालं. आता वर्षभर वस्ती म्हणावी अशी फ्लातेयवर, तीही मोजक्या कुटुंबांची. उन्हाळ्यात मात्र जुन्या घरांचे वारस परततात, रंग देतात, पिसं गोळा करतात. बेट सोडलं तरी हक्क आणि जबाबदारी सोडली नाही, ही गोष्ट बाहेरच्या पर्यटकाच्या नजरेतून सहज निसटते.

उथळ पाणी भरभरून देतं तसं ते नाजूकही असतं. दक्षिण काठच्या कोल्ग्राफाफ्योर्दुरमध्ये 2012 च्या डिसेंबरात आणि पुन्हा 2013 च्या फेब्रुवारीत हेरिंग माशांचे अफाट थवे शिरले, पाण्यातला प्राणवायू संपला आणि सुमारे 50 हजार टन मासळी गुदमरून मेली. फ्योर्डच्या तोंडावर 2004 मध्ये भराव आणि पूल झाला होता, त्याची चर्चा तेव्हा खूप झाली. स्कॅलप शिंपल्यांचा धंदा त्याआधीच, 2003 मध्ये, साठा ढासळल्यामुळे थांबवावा लागला होता. दुसरीकडे समुद्रगरुडाची गोष्ट आहे. आयडरची घरटी उद्ध्वस्त करतो म्हणून पांढऱ्या शेपटीच्या या गरुडाला लोक मारत, कोल्ह्यांसाठी ठेवलेल्या विषानेही तो मरे. 1914 पासून त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, जगात सर्वांत आधी आइसलँडमध्ये; तरी विषप्रयोगावर 1964 मध्ये बंदी येईपर्यंत देशात वीसेक जोड्याच उरल्या होत्या. आता त्या ऐंशीच्या वर आहेत आणि बहुसंख्य याच उपसागराभोवती. आयडरवाल्यांची तक्रार संपलेली नाही आणि ती खोटीही नाही. ज्याच्या बेटावर गरुड उतरतो त्याचं नुकसान खरंच होतं.

1995 मध्ये ब्रेइदाफ्योर्दुरसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात भूरूपं आणि जीवसृष्टी यांच्या जोडीला सांस्कृतिक वारशाचंही नाव आहे, म्हणजे होडीचे जुने धक्के, घरांचे चौथरे, आयडरसाठी रचलेले दगड हेही संरक्षणात आले. मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. माणसाला वगळून निसर्ग जपण्याची कल्पना इथे लागूच पडत नाही, कारण बदकांची कित्येक वसतिस्थानं माणसाच्या राखणीमुळे टिकली आणि राखण थांबली तिथे ती विरळ होत जातात. रेय्कहोलारच्या कारखान्यात आजही समुद्रशैवाल भूगर्भातल्या गरम पाण्याच्या उष्णतेवर वाळवलं जातं. कापलेलं शैवाल पुन्हा वाढायला वेळ द्यावा लागतो, म्हणून एकाच पट्ट्यावर लागोपाठ कापणी करता येत नाही.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. सुरुवात भरती-ओहोटी आणि खडक यांपासून केली आहे. कथा आणि माणसं त्यांच्यामागून येतात. घाई असलेल्या वाचकाने आयडरचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल, पण ह्वाम्स्फ्योर्दुरच्या तोंडाशी बेटांच्या फटींतून पाणी कसं धावतं हे समजून न घेता एरिक आणि गीस्लीकडे वळू नये, कारण तिथे होडी कधी हाकायची हे पाणी ठरवतं. आइसलँडिक नावं उच्चाराच्या जवळ जाईल अशा बेताने देवनागरीत उतरवली आहेत. कथांमधून घेतलेली सालं ‘सुमारे’ लावूनच वाचावीत. बाराव्या शतकानंतरची बहुतेक सालं कागदपत्रांच्या आधाराने दिली आहेत. नकाशा दोन वेळा छापला आहे, एकदा पूर्ण भरतीचा आणि एकदा ओहोटीचा, आणि प्रत्येक प्रकरण वाचताना दोन्ही शेजारी उघडे ठेवावेत अशी विनंती आहे.